एका हाताची काजं

यांच्या डाव्या हातावर दोन काजं आहेत. शर्टाच्या बाहीवर नव्हे, खुद्द हातावर, कातडीत. ती दुसऱ्या बाईने केलेली आहेत, आणि हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवतात.

काज म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. मी जन्मभर तेच केलं. गल्लीच्या टोकाचा शिंपी शिवलेले कोट आणि शर्ट घरी पाठवायचा आणि मी खिडकीत बसून हाताने काजं पुरी करून द्यायची. यांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. आमचा दोघांचा संसार भोकांवर चालला, असं हे पाहुण्यांना सांगायचे, आणि पाहुणे हसले नाहीत तर पुन्हा सांगायचे.

मग यांची मूत्रपिंडं गेली. एक दिवसाआड दवाखान्यात जायचं आणि मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, हा आमचा नेम झाला. त्यासाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्या ऑपरेशन करून एकमेकींना जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. त्यावर तळवा ठेवला की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. दर वेळी तिथे दोन जाड सुया घालायच्या, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून परत आत. सुया दर वेळी नव्या जागी टोचल्या तर हाताची चाळणी होते. म्हणून वॉर्डातल्या एका सिस्टरने यांना सुचवलं, आपण बटनहोल करू. दर वेळी त्याच भोकातून, त्याच कोनात सुई न्यायची. टोचलेल्या कानाला भोक राहतं तशी आत एक वाट तयार होते आणि मग बोथट सुईसुद्धा त्या वाटेने जाते. अट एकच, हात एकच हवा. वाट ठाऊक नसलेल्या दुसऱ्या कुणी जरा वाकडं खुपसलं की बिघडलं सगळं.

"तुझंच काम आहे बघ," हे घरी येऊन म्हणाले. "काजंच ती. फक्त ती कातडीत करते."

"मग बटणंही तिलाच लावायला सांगा," मी म्हणाले.

यांना त्यातली खोच कळली नाही. माणूस कुलपांत हुशार, बाकी सगळा आनंद.

त्या दिवसापासून घरात एकच जप सुरू झाला. तिचा हात किती हलका. सुई गेली की नाही कळतसुद्धा नाही. पलीकडच्या खुर्चीवरचे ड्रायव्हर ओरडतात, आपल्याला काही नाही. मशीनच्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट काढायला लागले. अर्ध्या बाह्यांचा, म्हणजे काजं उघडी राहतील. भांग पाडताना आरशासमोर इतका वेळ की मी विचारलं, "लग्नाला निघालात का?"

"रक्त धुवायला निघालोय. जरा माणसासारखं दिसावं."

"घरी मग कोणासारखं दिसता?"

हे हसले. मला हसू आलं नाही. कारण घरी यांचा अवतार निराळाच असायचा. घरी उशी टणक, चहा कोमट, पंख्याचा आवाज फार, पाय दाब, इतका जोरात नको, आता दाबतच नाहीस. सकाळपासून दिवे लागेपर्यंत कुरकुर. आणि तिकडे, त्या बाईसमोर, जाड सुई हातात जात असताना चेहऱ्यावर हसू. माझ्या वाट्याला कण्हणं आणि तिच्या वाट्याला हसणं, ही वाटणी कुणी केली, असं मी यांना कितीदा विचारणार होते. विचारलं मात्र नाही.

मनातल्या मनात मी तिचं नाव रेशीमबाई ठेवलं. दिसायला ती काही विशेष नव्हती, हे मी अगदी निःपक्षपातीपणे सांगते. सपाट चपला, घट्ट बांधलेले केस, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं. आमच्या मुलीच्याच वयाची. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली आणि मी तिच्या वयाच्या बाईचा हेवा करत बसलेली. त्याची मला लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून हेवा कमी झाला, असं एकदाही झालं नाही. यांचं तिच्यावर प्रेम-बिम बसलंय असा माझा समज मुळीच नव्हता. तसं असतं तर बरं झालं असतं. सरळ भांडता आलं असतं. इथे भांडायचं कशावरून, तर नवऱ्याला दुखत नाही यावरून.

सुया घालताना घरच्या एका माणसाला जवळ उभं राहू देत. बाकीच्यांच्या बायका तोंड फिरवायच्या. मी नाही फिरवलं. मी डोळ्यांत तेल घालून बघायची. ती आधी यांचा हात साबणाने धुवायची, कोपरापासून खाली, घाई न करता. मग ओल्या कापसाने भोकांवरच्या खपल्या भिजवायची आणि अख्ख्या काढायची, तुकडा आत राहू द्यायची नाही. मग डाव्या अंगठ्याने कातडी खाली ओढून ताण द्यायची. मग सुई. वरच्या काजाला थोडी उभी, खालच्याला जास्त आडवी. आत शिरताना किंचित थांबायची, दार ढकलावं तशी जरा पुढे, आणि नळीत लाल रेघ. त्या वेळी ती यांच्याशी काहीतरी बोलायची. "काका, दुकानात सगळ्यात अवघड कुलूप कोणतं आलं होतं?" आणि हे सांगत बसायचे. ते कुलूप मी लग्नापासून ऐकत आले होते. तिला मात्र ते नवं वाटायचं. किंवा ती तसं दाखवायची.

असं दोन वर्षं चाललं. मग नर्सांच्या युनियनने संपाची नोटीस दिली.

मागणी साधी होती. एका नर्सकडे तीन मशीनं असावीत असा नियम होता आणि प्रत्यक्षात सहा-सहा दिली जात होती. गेलेल्यांच्या जागा भरायच्या नाहीत, उरलेल्यांना पळवायचं. नोटीस लागली त्या दिवशी बाहेरच्या बाकांवर आमच्यासारख्यांची सभाच भरली.

"नर्सांनी संप करायचा नसतो," ड्रायव्हर म्हणाले. ते आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. "आम्ही गाड्या बंद ठेवल्या की माणूस चालत जातो. यांनी मशीन बंद ठेवलं तर माणसाने कुठे जायचं? आणि माझा हात बघा, मला तर काजं-बिजंही नाहीत."

"मागच्या आठवड्यात तुमचं प्रेशर एकदम खाली गेलं, तेव्हा सिस्टर कुठे होती?" यांनी विचारलं.

"पार त्या टोकाला. दुसऱ्याच्या मशीनची घंटी वाजत होती."

"मग त्या तेच तर मागतायत."

"मागू देत की. आम्ही कुठे नाही म्हणतो? पण मागायला आमचाच जीव कशाला टांगणीला लावायचा?"

"आपल्या जिवाशिवाय त्यांचं ऐकतं कोण?"

मी ड्रायव्हरांच्या बाजूने बोलले, आणि चांगली तावातावाने बोलले. पेशंटला सोडून गेटवर बसणं मला पटत नाही, म्हणाले. सेवेचं काम आहे, म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. पण मला ठाऊक होतं की माझ्या पोटात दुखत होतं ते निराळ्याच कारणाने. ज्या माणसाने जन्मात दुकान बंद ठेवलं नाही, माझ्या बाळंतपणाच्या दिवशीसुद्धा अर्धं शटर वर होतं, तो आज संपाची वकिली करत होता. मी वर्षानुवर्षं सांगत होते, एखादा दिवस दुकान बंद ठेवा, कुठेतरी जाऊ. तेव्हा कुणाला ऐकू आलं नव्हतं.

संपाच्या आदल्या दिवशी ती मशीनपाशी आली. "काका, उद्यापासून मी बाहेर. आत मोठ्या सिस्टर आहेत, आणखी दोघी आहेत. डायलिसिस बंद राहणार नाही, तसं आम्हीच ठरवलंय. तुमच्या काजांबद्दल मोठ्या सिस्टरना सांगून ठेवलंय."

"तुम्ही जा," हे म्हणाले. "आमची काळजी करू नका. चांगलं भांडा."

मी शेजारी उभी होते. माहेरी निघताना मला कधी इतक्या गोड आवाजात 'जा' म्हणाले नव्हते.

संप सुरू झाला. दवाखान्याच्या गेटबाहेर ताडपत्री ताणली होती, खाली सतरंज्या, आणि दंडाला लाल फीत बांधलेल्या नर्सा. त्यांच्यात एक पुरुष नर्स होता, त्याला सगळे ब्रदर म्हणायचे, तो युनियनचा सेक्रेटरी. पण माइक असायचा रेशीमबाईच्या हातात. आमच्या समोर जी खाली मान घालून सुया घालायची तिचा आवाज रस्त्याच्या पलीकडे जात होता. हे गेटपाशी थांबले. इस्त्रीचा शर्ट होताच. भाषण संपेपर्यंत उभे राहिले आणि उजव्या हाताने डाव्या मनगटावर टाळ्या वाजवल्या, फिस्टुला सांभाळून.

"आत चला, मशीन रिकामं राहिलंय," मी म्हणाले.

"थांब गं, मुद्दा संपू दे."

आत मात्र वेगळीच तऱ्हा होती. व्यवस्थापनाने एजन्सीमार्फत मुली आणल्या होत्या. मोठ्या सिस्टर एका टोकाला कुणाचं तरी प्रेशर सांभाळत होत्या, तेवढ्यात त्यातली एक यांच्याकडे आली. बिचारी चांगली असेल, पण तिला घाई होती आणि काजं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. हे सांगेपर्यंत तिने वरच्या बाजूला नव्या जागी धारदार सुई घातली होती. शीर फुटली. बघता बघता हातावर लिंबाएवढा फुगा आला, मग तो पसरला आणि निळा-जांभळा झाला. यांनी हात ओढून घेतला. त्या दिवशीचं डायलिसिस तिथेच थांबलं.

"सूज वर आहे, त्याखालची दोन्ही काजं वाचलीत," मोठ्या सिस्टर हात तपासून म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "उद्या काजांतूनच घ्यायला लागेल. पण माझी बोटं हल्ली बधिर होतात, मी सुया कधीच सोडल्या, नुसती देखरेख करते. या दोघींनी बटनहोल केलेलं नाही. अंदाजाने तिथे जायचं नसतं. वाट फाटली तर फिस्टुलाच जाईल."

"मग?" मी विचारलं.

"मग मानेत नळी."

नळीचं नाव काढताच यांनी मान अशी आत घेतली की जणू आत्ताच कुणी घालतंय. मानेतल्या नळीने शेजारच्या गल्लीतला यांचा मित्र ताप येऊन गेला होता. ते यांनी जवळून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांचे पाय पावाच्या लाद्यांसारखे फुगले होते. डोळ्यांखाली पाणी साठलं होतं आणि दोन पावलं टाकली की धाप. दवाखान्यात पोचेपर्यंत बोलणं तुटक झालं. डॉक्टर आले, छाती तपासली आणि म्हणाले, आज झालंच पाहिजे, काज नाहीतर नळी, दुपारच्या आत काय ते सांगा.

"तिला बोलव," हे मला म्हणाले.

एवढंच म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्याच वेळी भीतीने हातपाय गार पडले होते. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं. मी जिना उतरले. उतरताना मनात तिला काय काय बोलायचं ते रचत होते. तुमच्या संपापायी माझा माणूस चाललाय. आता मोठं भाषण करा म्हणावं. एजन्सीच्या मुलीचं सगळं खापर मी तिच्याच डोक्यावर फोडणार होते.

दवाखान्याच्या दारात व्यवस्थापनाचा एक माणूस फोन धरून उभा होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं चित्रण करत होता. मी त्याच्या बाजूने बाहेर पडले आणि सरळ ताडपत्रीखाली गेले.

ती जमिनीवर बसून कुणाच्या तरी लेकराला मांडीवर घेऊन होती. मला बघून उठली. मी रचलेलं एकही वाक्य बोलले नाही. नुसतं झालं ते सांगितलं, हात, सूज, नळी, दुपार.

"चला," ती म्हणाली.

लेकरू शेजारणीकडे दिलं आणि दंडावरची लाल फीत सोडायला लागली. ब्रदर पुढे आला. आवाज चढवला नाही त्याने, पण वाट अडवली.

"दारात तो फोनवाला दिसतोय ना? तू आत गेलीस की ते चित्रण तासाभरात सगळीकडे. पुढारीच फुटली म्हणतील. संध्याकाळपर्यंत निम्म्या जणी आत असतील आणि एका नर्सकडे सहाच्या जागी आठ मशीनं. त्यांना हेच हवंय."

"माझा पेशंट आहे."

"माहितीये."

"मग बाजूला हो. दोन सुया घालते आणि येते. काय म्हणायचं ते म्हणू देत."

माझा पेशंट. ती हे इतक्या सहज म्हणाली. खरं सांगायचं तर ती नाही म्हणाली असती तर मी तिला जन्मभर शिव्या घातल्या असत्या आणि त्यात सुखी राहिले असते. यांनाही म्हणाले असते, बघा तुमची रेशीमबाई. पण ती निघाली होती. ज्यासाठी रस्त्यावर बसली होती ते सगळं सोडून, यांच्यासाठी. सगळ्यांसमोर फीत सोडत होती. आणि ती वर गेली असती तर यांनी तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं असतं ती नजर मला तिथे, त्या सतरंजीवर, लख्ख दिसली. ती मला बघवली नसती. पुढची सगळी वर्षं घरात त्याच गोष्टीचं पारायण झालं असतं.

"नको," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"तुम्ही येऊ नका. मला सांगा. मी घालते."

"काकू, असं नसतं हो."

"घरी मशीन असलेल्यांच्या बायका घालतात ना? तुम्हीच सांगत होतात मागे त्या कोपऱ्यातल्या आजोबांना. साबणाने कोपरापासून खाली धुवायचं. खपल्या भिजवून अख्ख्या काढायच्या. अंगठ्याने कातडी खाली ओढायची. वरची सुई उभी, खालची आडवी. शिरताना थांबायचं. चुकतंय का काही?"

तिने फीत तशीच हातात धरली. "तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. बघत होते."

"इतकं बारीक?"

काय सांगणार होते तिला. तिला काय वाटलं कोण जाणे, तिचे डोळे भरून आले. भोवतीच्या बायकांत कुजबुज झाली आणि कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्याच वाजवायला लागल्या. कामगारांच्या बाजूने उभी राहिलेली पेशंटची बायको, असं ब्रदर नंतर माइकवर म्हणाला म्हणे. त्यांचा संप टिकला काय आणि मोडला काय, त्या क्षणी मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ती वर जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. पण टाळ्या वाजत असताना असलं सांगता येत नाही.

तिने मला सतरंजीवर बसवलं. कुणाकडून तरी बोथट सुई आणि छोटी उशी मागवली, पण उशीवर कोन कळेना. मग तिने स्वतःची बाही वर सारली आणि टोपण घातलेली सुई माझ्या हातात देऊन तिच्याच हातावर टेकवायला लावली. माझं बोट धरून कोन दाखवला. "इतकी. नाही, अजून जरा पाडा. हां. आता ही लक्षात ठेवा, मनगटाने, डोळ्याने नाही. जोर लावायचा नाही. वाट असते तिथे सुई स्वतः जाते. अडली तर मागे घ्या, किंचित फिरवा, पुन्हा."

तिचा हात पहिल्यांदाच माझ्या हातात आला होता. तो अजिबात मऊ नव्हता. सतत धुऊन-धुऊन बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, नखांच्या कडा सोललेल्या. माझ्या रेशीमबाईचा हात खरखरीत निघाला. मला जरा बरं वाटलं आणि जरा वाईटही.

"आणि घाबरू नका," ती म्हणाली. "काका फार सोशीक आहेत. दोन वर्षांत एकदा हूं का चूं केलेलं नाही. आमच्यात सगळ्या म्हणतात, असा पेशंट मिळायला नशीब लागतं."

बरं वाटत होतं ते तिथेच संपलं. मी उठले.

वर मोठ्या सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरांशी बोलल्या. डॉक्टर बरेच दिवस घरी न गेलेल्या माणसासारखे दिसत होते. ते म्हणाले, "नळीपेक्षा हे बरं. तुम्ही शेजारी उभ्या राहणार असाल तर करू देत." हे पाठ टेकून बसले होते, धाप लागलेली. मला एकटीला आलेलं पाहून यांची नजर माझ्या मागे गेली.

"ती?"

"नाही येणार. मी घालणार आहे."

"तू?"

"का? माझ्या हाताला काय झालं?"

यांनी सुजलेला हात हळूच माझ्यापुढे ठेवला आणि भिंतीकडे बघायला लागले. मी हात धुतले. यांचा हात धुतला. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांचा हात असा, कोपरापासून खाली, घाई न करता कधी धुतला नव्हता. वरचा भाग निळा होता, पण खाली मांजर गुरगुरत होतं. खपल्या भिजवल्या. पहिली अख्खी निघाली, दुसरीला वेळ लागला. मोठ्या सिस्टर श्वाससुद्धा जपून घेत होत्या. काजाच्या सुईची सवय इथे काही कामाला येत नव्हती. कापड गरम नसतं आणि त्यात नाडी उडत नाही. मी मनगट यांच्या हातावरच टेकवलं, मग कातडी खाली ओढली आणि वरच्या काजात सुई ठेवली.

थोडी आत गेली आणि अडली. मागे घेतली. किंचित फिरवली. पुन्हा.

"आई गं," हे ओरडले. चांगले मोठ्याने ओरडले. पलीकडच्या खुर्चीवरच्या ड्रायव्हरांनी मान वळवली.

पण नळीत लाल रेघ आली होती. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बसली. चिकटपट्टी लावा." मी चिकटपट्टी लावली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. सुई बसली याचा आनंद कुठल्या कुठे गेला, कानात एकच वाजत होतं, की हे ओरडले. दोन वर्षांत तिच्या हाताखाली हूं का चूं केलं नाही तो माणूस माझ्या हाताखाली पहिल्याच सुईला ओरडला.

"माझा हात नाहीच हलका," मी म्हणाले. "सांगा एकदाचं. तिचा असता तर दुखलं नसतं."

"कोण म्हणालं?" यांनी डोळे पुसले. "तिच्याही हाताने दुखायचं. दर वेळी. असंच दुखायचं."

"मग मला घरी येऊन काय सांगत होतात? कळतसुद्धा नाही म्हणून?"

"मग काय सांगू? एक दिवसाआड दुखतं, आणि हे मरेपर्यंत असंच, असं सांगू तुला?" यांना बोलता बोलता धाप लागत होती, तरी थांबले नाहीत. "आणि तिच्यासमोर कसा ओरडू? सहा मशीनं तिच्याकडे, पोरगी आधीच अर्धमेली. परक्या पोरीपुढे कोण ओरडतं?"

"आणि माझ्यापुढे?"

"तू काय परकी आहेस?"

मी डोळे बाहीला पुसले. मोठ्या सिस्टरनी ओरडून सांगितलं, बाहीला नाही, हात पुन्हा धुवा. मी परत नळापाशी गेले, हात धुतले, आले. यांनी तोपर्यंत चेहरा सरळ करून ठेवला होता, तसाच, तिच्यासमोर असायचा तसा, ओठ घट्ट मिटून. खालच्या काजाची सुई अजून बाकी होती.

"हे असलं तोंड माझ्यापुढे करायचं नाही," मी म्हणाले आणि यांची कातडी अंगठ्याने खाली ओढली. "ओरडा खुशाल."

आणि हे ओरडले.